दुर्मीळ मराठी पुस्तकं, स्वाक्षरीच्या प्रती आणि मूळ चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या संग्राहकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट सगळ्या उत्तरांत येईल: जुन्या प्रतीवरची प्रत्येक खूण हा पुरावा असतो, आणि तो पुसला की परत आणता येत नाही.

१. जुनं पुस्तक म्हणजे दुर्मीळ पुस्तक का?

नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या धार्मिक ग्रंथांच्या आणि पंचांगांच्या प्रती आजही घरोघरी निघतात. त्या भरपूर छापल्या गेल्या आणि लोकांनी जपल्याही. उलट १९६० च्या आसपास पाचशे प्रती काढलेला एखादा पहिला कवितासंग्रह वर्षानुवर्षं शोधून सापडत नाही. किती प्रती छापल्या, किती उरल्या आणि किती जणांना हव्या आहेत, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. बालवाङ्मय, शाळेची क्रमिक पुस्तकं, नाटकांच्या जाहिराती, संमेलनांच्या स्मरणिका हे सगळं हजारोंनी छापलं गेलं आणि रद्दीत गेलं. त्यामुळे नवख्या संग्राहकाला कमी खर्चात खरी दुर्मीळ वस्तू मिळण्याची शक्यता इथेच जास्त आहे.

१८०५ ते १८६७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांना दोलामुद्रिते म्हणतात. तो प्रांत वेगळा आणि महाग आहे. सुरुवात तिथून करू नये.

२. सुरुवात कशी करावी? काय जवळ हवं?

विषय अरुंद ठेवा. 'मराठी साहित्य' हा संग्रहाचा विषय होऊ शकत नाही. 'नाशिकमध्ये राहिलेल्या नाटककारांच्या पहिल्या आवृत्त्या' किंवा 'दीनानाथ दलालांची १९५० च्या दशकातली मुखपृष्ठं' हा होऊ शकतो. नाशिकच्या संग्राहकाला कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर घरचेच आहेत. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तोही धागा धरता येतो. इथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनांचे कागद हा आणखी एक विषय. १९४२ चं संमेलन आचार्य अत्र्यांच्या अध्यक्षतेखाली, २००५ चं केशव मेश्राम यांच्या आणि २०२१ चं जयंत नारळीकर यांच्या अध्यक्षतेखाली झालं. अध्यक्षीय भाषणांच्या पुस्तिका, स्मरणिका, पत्रिका असं बरंच काही त्यात येतं.

साधनं थोडीच लागतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान टॉर्च, मोजपट्टी, मऊ पेन्सिल, आणि हवेतली आर्द्रता दाखवणारा हायग्रोमीटर. आधी भिंग घ्या, त्याच्याशिवाय स्वाक्षरी किंवा चित्र विकत घेऊ नका.

३. पहिली आवृत्ती आहे हे कसं ओळखायचं?

शीर्षकपानामागचं पान उघडा. प्रकाशक, मुद्रक, साल, मूल्य आणि आवृत्तीची नोंद तिथे असते. जुन्या पुस्तकांत हीच माहिती कधी शीर्षकपानावर, तर कधी शेवटच्या पानावर छापखान्याच्या नावासोबत असते. 'आवृत्ती पहिली' किंवा 'प्रथमावृत्ती' असं स्पष्ट छापलेलं असेल तर अर्धं काम झालं. काहीच छापलेलं नसेल तरी ती बहुधा पहिलीच असते, कारण पुढच्या आवृत्तीचा उल्लेख करायला प्रकाशक विसरत नाही. पण 'बहुधा' यावर पैसे मोजू नयेत.

उरलेलं अर्धं काम पडताळणीचं. प्रस्तावनेखालची तारीख पाहा. 'दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने' असं निवेदन आत लपलेलं असतं. मलपृष्ठावरची जाहिरात वाचा. १९५२ च्या म्हणवल्या जाणाऱ्या पुस्तकाच्या पाठीवर त्याच लेखकाचं १९५८ चं पुस्तक 'प्रसिद्ध झाले' म्हणून असेल, तर निदान ते वेष्टन (पुस्तकावरचं सुटं कागदी जॅकेट) तरी नंतरचं आहे. मग सूची पाहा. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असा काळ दोन खंडांत व्यापते. प्रकाशक, साल, पृष्ठसंख्या तिच्यात जुळवून पाहता येतात. पृष्ठसंख्या जुळली नाही तर थांबा आणि प्रश्न ७ पाहा.

४. सालच छापलेलं नाही, किंवा ते पान फाटलंय. काळ कसा ठरवायचा?

पुस्तकाच्या अंगावरच बऱ्याच खुणा असतात.

किंमत: रुपये-आणे असतील तर पुस्तक साधारणपणे १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४ मधलं. १ जून १९६४ पासून 'नवे' हा शब्द गळला. प्रकाशकाकडे शिल्लक असलेल्या जुन्या प्रतींवर नव्या किमतीचा शिक्का किंवा चिठ्ठी मारलेली असते. अशी चिठ्ठी कधीही काढू नका. पहिल्या आवृत्तीची विक्री किती वर्षं रेंगाळली हे तीच सांगते.

पत्ता: 'पुणे २' किंवा 'मुंबई ४' असा एक-दोन अंकी विभाग असेल तर पुस्तक जुनं. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यामुळे पत्त्यात तो असेल तर ते पान त्यानंतर छापलेलं.

लेखन: 'नांव', 'कांहीं', 'त्यांत' असे अनुस्वार जागोजागी असतील तर पुस्तक बहुधा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधी जुळवलेलं. १९४० च्या म्हणून दाखवलेल्या प्रतीत सगळीकडे 'नाव' आणि 'काही' असेल तर शंका घ्या. हा निर्णायक पुरावा नव्हे. काही लेखक आधीच अनुस्वार टाळत होते आणि काही पुनर्मुद्रणांत जुनेच ठेवले गेले.

छपाई: खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूवर अक्षरांचा दाब बोटाला जाणवतो, आणि टॉर्च तिरका धरला की दिसतो. ऑफसेटचं पान सपाट असतं.

शक: शके दिलं असेल तर ७८ मिळवा. १ जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९. 'माघ शके १८६३' म्हणजे १९४२, १९४१ नव्हे. एका वर्षाची ही चूक विक्रेत्यांच्या याद्यांत सतत दिसते.

आयएसबीएन: तेरा आकडी क्रमांक असेल तर साधारण २००७ नंतरचं, दहा आकडी असेल तर त्याआधीचं.

यातली एकच खूण पुरत नाही. तीन खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तर निर्धास्त व्हा.

५. आवृत्ती, पुनर्मुद्रण, राजआवृत्ती, स्वस्त आवृत्ती: यात फरक काय?

मजकूर बदलला किंवा नव्याने जुळवला की नवी आवृत्ती, आहे तसा पुन्हा छापला की पुनर्मुद्रण. मराठी प्रकाशकांनी हा फरक नेहमी पाळलेला नाही. पुष्कळदा 'पाचवी आवृत्ती' म्हणजे पाचवं पुनर्मुद्रणच असतं. राजआवृत्ती चांगल्या कागदावर आणि कापडी बांधणीत असते. ती पहिल्या आवृत्तीबरोबरच निघाली असेल तर मोलाची, वीस वर्षांनी निघाली असेल तर फक्त देखणी. स्वस्त आवृत्तीला संग्राहक सहसा कमी किंमत देतात. पण लेखकाने तीत मजकूर सुधारला असेल तर अभ्यासकाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची ठरते.

६. पुस्तकावर 'पहिली आवृत्ती' छापलंय, पण विक्रेता म्हणतो ही खरी पहिली नाही. असं कसं?

विक्रेता प्रामाणिक आहे. पुस्तक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेलं की नवा प्रकाशक अनेकदा स्वतःची मोजणी एकपासून सुरू करतो. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं झाली की हे फारच वाढतं, कारण मग कोणीही ते पुस्तक छापू शकतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या लेखनाचा कॉपीराइट २०१० च्या अखेरीस संपला. त्यानंतर 'श्यामची आई' अनेक प्रकाशकांनी काढली आणि यांतल्या कोणत्याही प्रतीवर 'प्रथमावृत्ती' दिसू शकते. ते छापणं खोटं नाही, फक्त ती त्या प्रकाशकाची पहिली आहे. मूळ पहिली ठरवायला प्रश्न ३ आणि ४ मधल्या खुणा वापरा.

असंच उलटंही घडतं. 'विशाखा' १९४२ साली वि. स. खांडेकरांनी प्रकाशित केली. कुसुमाग्रजांचं नाव नाशिकशी जोडलेलं आहे म्हणून पहिल्या आवृत्तीवर नाशिकचा प्रकाशक शोधू नका.

७. प्रत पूर्ण आहे की नाही हे कसं तपासू?

नुसते पानांचे आकडे पाहून भागत नाही. पुस्तक फर्म्यांनी, म्हणजे मोठ्या छापील कागदाच्या घड्या घालून केलेल्या गठ्ठ्यांनी, बांधलेलं असतं, बहुधा सोळा पानांचा एक फर्मा. जुन्या पुस्तकांत १, १७, ३३, ४९ अशा पानांच्या तळाशी फर्म्याचा बारीक क्रमांक असतो. तो क्रमाने येतो का पाहा. बांधणाऱ्याच्या चुकीने एक फर्मा दोनदा आणि दुसरा गायब असं होतं. पुस्तक जाड दिसतं, आकडेही घाईत पाहिले तर बरोबर वाटतात.

मग क्रमांक नसलेल्या गोष्टी पाहा: अर्पणपत्रिका, वेगळ्या आर्ट पेपरवरची चित्रं, नकाशे, आणि सर्वांत जास्त हरवणारं शुद्धिपत्र, म्हणजे छपाईतल्या चुकांची यादी. शुद्धिपत्राची चिठ्ठी सैल घातलेली असते. पुढच्या आवृत्तीत चुका दुरुस्त झाल्या की ती निघून जाते. म्हणून ती चिठ्ठी असलेली पहिली आवृत्ती अधिक पूर्ण मानतात. चित्रांच्या सूचीत आठ चित्रं असतील तर आठ मोजा. दलाल किंवा चित्रकार रघुवीर मुळगावकरांची रंगीत चित्रं असलेल्या पुस्तकांतून ती पानं फ्रेमसाठी कापलेली असतात. शिवणीजवळ कापलेल्या पानाची बारीक पट्टी शोधा.

८. जॅकेट नसेल तर पुस्तक घ्यावं का?

घ्यावं, पण कमी किमतीत. १९४० ते १९६० च्या दशकांतल्या पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकांवर कागदी वेष्टन असे. ते फाटलं की लोक टाकून देत. चित्रकाराचं मुखपृष्ठ त्या वेष्टनावरच असल्यामुळे ते गेलं तर अर्धं पुस्तक गेलं. विक्रेत्याने दुसऱ्या आवृत्तीचं वेष्टन पहिल्या आवृत्तीवर चढवलेलं असू शकतं. वेष्टनावरची किंमत आणि आतली किंमत जुळते का, एवढं पाहिलं तरी बहुतेक वेळा उलगडा होतो. रंगीत झेरॉक्स काढून चढवलेलं वेष्टन भिंगाखाली लगेच कळतं (प्रश्न १४).

९. वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक विकत घेणं योग्य आहे का?

'बाद', 'रद्द' असा शिक्का किंवा दाखल क्रमांकावर सहीसह रेघ असेल तर हो. तसं काही नसेल तर ते पुस्तक कदाचित परत न केलेलं किंवा चोरलेलं आहे. विक्रेत्याला विचारा, आणि वाचनालय अजून चालू असेल तर त्यांनाही विचारा. बहुतेक वाचनालयं मुखपृष्ठाशिवाय आतल्या एका ठरावीक पानावरही शिक्का मारतात. पुढचे शिक्के खरवडलेले आणि आतला तसाच असेल तर ती प्रत सोडून द्या.

वाचनालयाच्या प्रतीत आणखी एक तोटा असतो. पुन्हा बांधताना कडा कापलेल्या असतात आणि मूळ मुखपृष्ठ गेलेलं असतं. सूचीत दिलेल्या आकाराशी उंची मोजून पाहा, पाच-सात मिलिमीटर कमी भरली तर कापलेलं आहे.

१०. नाशिकमध्ये जुनी पुस्तकं शोधायची कुठे?

रद्दीची दुकानं, जुन्या नाशकातले आणि पंचवटीतले वाडे पाडले जातात तेव्हा पोटमाळ्यावरून निघणाऱ्या पेट्या, निवृत्त प्राध्यापकांचे संग्रह, आणि पुस्तक प्रदर्शनांतला जुन्या पुस्तकांचा कोपरा. रद्दीवाल्याशी एक करार करा: पुस्तकांचा मोठा लॉट आला की वजन करण्याआधी फोन करायचा, आणि तुम्ही किलोच्या दरापेक्षा बरा भाव द्यायचा. तो भाव दर वेळी प्रामाणिकपणे द्या. पुढची पेटी तुमच्याकडे येईल की नाही हे त्यावर ठरतं. जून-जुलैत शाळेच्या पुस्तकांची गर्दी असते. दिवाळीआधी घरं आवरली जातात तेव्हा खरी आवक होते.

पाहण्यासाठी, तुलना करण्यासाठी १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय आहे. विकत घेण्याआधी तीच आवृत्ती तिथे किंवा दुसऱ्या जुन्या ग्रंथालयात हातात घेऊन पाहता आली तर जरूर पाहा. छायाचित्रावरून कागदाची जात कळत नाही. शोध वाढला की पुण्याचा अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत फोर्टातल्या पदपथावरचे विक्रेते आहेतच. मुंबईला पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं.

११. स्वाक्षरी खरी आहे हे कसं तपासायचं?

आधी तारखा. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ ला गेले. त्यानंतर छापलेल्या प्रतीवर त्यांची स्वाक्षरी असू शकत नाही. हे सांगायची गरज पडू नये, पण अशा प्रती विक्रीला येतात, कारण विकणारा मागचं पान उघडतच नाही.

मग भिंग. रेषा बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली किंवा तिच्या शाईचा पोत आजूबाजूच्या छपाईसारखाच असला तर स्वाक्षरी छापलेली आहे. अनेक पुस्तकांत प्रस्तावनेखाली अशी छापील स्वाक्षरी असते आणि ती 'लेखकाच्या सहीची प्रत' म्हणून विकली जाते. हाताने केलेल्या सहीत बॉलपेनचा दाब मागच्या बाजूला उमटतो, आणि फाउंटन पेनची शाई खरखरीत कागदात किंचित पसरते. जेल पेन १९८० च्या दशकात जपानमध्ये आलं. १९६५ ची तारीख जेलच्या शाईत असेल तर पुढे तपासण्यासारखं काही उरत नाही.

त्यानंतर हाताचा वेग. खरी सही झरझर होते आणि रेषेची टोकं निमुळती असतात. नक्कल करणारा हळू काढतो, त्यामुळे रेषा एकसारख्या जाडीची, मधेच थबकलेली, थरथरलेली दिसते. देवनागरीत शिरोरेषा पाहा: लेखक ती आधी ओढतो की शेवटी, सलग की तुकड्यांत, की ओढतच नाही. ही सवय सहसा बदलत नाही आणि नक्कल करणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष नसतं. तुलना एकाच नमुन्याशी करू नका. त्याच दशकातले तीन-चार नमुने घ्या, कारण म्हातारपणी हात बदलतो.

शेवटी, सही असलेलं पान त्याच पुस्तकाचं आहे का? दुसऱ्या प्रतीतलं सहीचं पान डिंकाने चिकटवलेलं असतं. शिवणीजवळ चिकटवल्याची पट्टी आणि कागदाच्या रंगातला फरक दिसतो.

१२. 'चि. अमुक यास सप्रेम भेट' असं लिहिलेली प्रत चांगली की नुसत्या सहीची?

अमुक कोण, यावर आहे. लेखकाने दुसऱ्या लेखकाला, प्रकाशकाला, मुखपृष्ठकाराला किंवा नाटकातल्या नटाला दिलेली प्रत नुसत्या सहीपेक्षा कितीतरी मोलाची. अनोळखी नावाची प्रत विकताना थोडी मागे पडते. पण लिहिलेला मजकूर जितका लांब तितकी नक्कल अवघड, म्हणून खरेपणाच्या दृष्टीने तीच बरी. नाव खोडू नका, खरवडू नका. आज अनोळखी वाटणारं नाव उद्या कोणाच्या पत्रव्यवहारात सापडतं.

१३. 'संमेलनात घेतलेली सही' असं विक्रेता सांगतो. हे पुरेसं आहे का?

नाही. सही आणि तिची हकीकत वेगवेगळी तपासावी लागते. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते, पण प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. स्मरणिकेवर त्यांची सही खरी असू शकते, कारण ती नंतर घरी जाऊन घेतलेली असू शकते. पण 'संमेलनाच्या मंडपात घेतली' हे विधान टिकत नाही. असं एक विधान खोटं निघालं की त्या विक्रेत्याची बाकीचीही पुन्हा तपासा.

स्वतः सही घेणार असाल तर शीर्षकपानावर, काळ्या किंवा निळ्या शाईत, तारीख आणि गावासह घ्या. शाई वाळेपर्यंत पुस्तक मिटू नका. त्या कार्यक्रमाची पत्रिका पुस्तकात न ठेवता वेगळ्या पाकिटात ठेवा. तिचा आम्लधर्मी कागद आतल्या पानावर पिवळा चौकोन उमटवतो.

१४. हे मूळ चित्र आहे की छापील प्रत?

पैसा सर्वांत जास्त इथे बुडतो, म्हणून सावकाश पाहा.

भिंगाखाली नियमित ठिपके किंवा फुलाच्या आकाराचे ठिपक्यांचे पुंजके दिसले की ती ऑफसेटची किंवा हाफटोन ब्लॉकची (चित्र ठिपक्यांत उतरवलेल्या धातूच्या ठशाची) छपाई. कुठलाही क्रम नसलेले रंगीत शिंतोडे दिसले की इंकजेटची आधुनिक प्रत. मूळ चित्रात ठिपके नसतात. ब्रशचा फटकारा, रंगाचा थर आणि कागदाचा पोत दिसतो. चित्रातली सही याबाबतीत काही सिद्ध करत नाही, कारण मूळ चित्रावरची सही छपाईत येतेच. मुळगावकरांच्या देवदेवतांची कॅलेंडरं आणि दलालांची दिवाळी अंकांतली चित्रं फ्रेम करून 'ओरिजिनल' म्हणून दाखवली जातात. फ्रेम उघडायला सांगा. मागे दुसरा मजकूर छापलेला असेल तर ते अंकातलं पान आहे. उघडायला नकार दिला तर व्यवहार तिथेच संपवा.

छपाईसाठी केलेल्या खऱ्या चित्राच्या खुणा वेगळ्या असतात. ते सहसा छापील आकारापेक्षा मोठं असतं. समासात ब्लॉक बनवणाऱ्यासाठी पेन्सिलीने लिहिलेला आकार, किती लहान करायचं त्याची सूचना, कोपऱ्यात टाचणीची भोकं, कापायच्या खुणा, मागे छापखान्याचा किंवा मासिकाचा शिक्का दिसतो. पांढऱ्या रंगाने झाकलेल्या दुरुस्त्या आणि रंगाखालून डोकावणारी पेन्सिलीची रेषा असते. शीर्षकासाठी मोकळी सोडलेली जागा असते, किंवा अक्षरं वेगळ्या कागदावर काढून चिकटवलेली असतात. या खुणा असलेला समास 'घाण' म्हणून कापू नका. चित्राचा जन्मदाखला तोच.

वसंत सरवटे किंवा बाळ ठाकूर यांच्यासारख्यांच्या काळ्या शाईच्या रेखाटनांत फसवणूक सोपी असते, कारण झेरॉक्सही काळंच असतं. टॉर्च अगदी तिरका धरा. शाईत दाट-विरळ भाग आणि खाली पेन्सिल दिसते, झेरॉक्सची भुकटी एकसारखी चकाकते आणि घडीवर सुटते.

१५. मूळ चित्र किंवा लेखकाचं पत्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला का?

नाही. तुम्ही कागदाचे मालक होता, कॉपीराइट वेगळा राहतो. तो चित्रकाराच्या किंवा लेखकाच्या वारसांकडे असतो, काही वेळा काम करून घेणाऱ्या प्रकाशकाकडे. मुदत मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत. मुळगावकर १९७६ साली, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत. चित्राचा मग किंवा कॅलेंडर काढायचं असेल तर लेखी परवानगी लागते.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ नुसार मूळ चित्र किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर पहिला मालक असलेल्या कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीतला वाटा मागता येतो. हा वाटा दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही.

१६. नाशिकच्या पावसाळ्यात पुस्तकं कशी ठेवायची?

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. ६५ च्या वर काही दिवस राहिली की बुरशी धरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा ८० च्या पुढे सहज जाते. म्हणून जूनच्या सुरुवातीलाच तयारी करा.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, तीन-चार इंच जागा सोडा. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून निदान सहा इंच वर असू द्या. सराफ बाजार, भांडी बाजार किंवा गोदाकाठच्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर संग्रह वरच्या मजल्यावरच ठेवा. २०१६ आणि २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. नीट बंद होणाऱ्या लोखंडी कपाटात साधारण अर्धा किलो सिलिका जेल, चार पिशव्यांत वाटून ठेवा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. पुस्तकं उभी, ना घट्ट ना तिरकी. जाड दिवाळी अंक मात्र आडवे ठेवा, पाच-सहाच्या वर थर नको.

प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून ठेवणं पावसाळ्यात घातक आहे. आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही. जॅकेटला पारदर्शक कव्हर घालायचं तर पॉलिएस्टर फिल्मचं. पीव्हीसी चिकटतं आणि शाई ओढून घेतं.

१७. कसर, वाळवी, झुरळं: डांबराच्या गोळ्या चालतात का?

टाळा. वास कागदात मुरतो, आणि माणसांच्या फुप्फुसांनाही तो चांगला नाही. वेखंडाची पूड सुती पुरचुंडीत बांधून कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण पानांत घालू नका. तेलाचे डाग पडतात. कडुनिंबाचा पाला वापरायचाच तर पूर्ण वाळलेला.

कसर लागलेलं पुस्तक आधी वेगळं करा. ते जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड टेपने बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. एक दाराच्या घरगुती फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास तशीच बंद ठेवा, नाहीतर पुस्तकावर दव धरतं. मूळ चित्रांना, विशेषतः तैलरंगांच्या, हा उपाय करू नका. वाळवी असेल तर पुस्तकांवर उपाय करून भागत नाही. भिंत आणि कपाट तपासून घ्यावं लागतं.

१८. पुस्तक भिजलं. आता?

अट्ठेचाळीस तासांच्या आत बुरशी येऊ शकते, त्यामुळे लगेच हालचाल करा. ऊन आणि हेअर ड्रायर नको, बांधणी वाकडी होते. कोरा शोषक कागद दर दहा-पंधरा पानांनी घाला, पुस्तक उभं ठेवा, पंखा लावा पण थेट झोत नको. कागद तीन-चार तासांनी बदला. छापील वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. आर्ट पेपरची पानं वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात. ती ओली असतानाच कोरा कागद घालून सुटी करा. एकाच वेळी सगळ्यांकडे बघणं शक्य नसेल तर वेगवेगळ्या पिशव्यांत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि एकेक काढून वाळवा.

१९. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू का? नवीन बाइंडिंग करून घेऊ का?

दोन्ही नको. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो, आणि मग टेप निघाला तरी डाग राहतो. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. खळ पातळ, पट्टी फाडून काढलेली, कापलेली नाही. ही दुरुस्ती पाण्याने उलटवता येते. हात बसला नसेल तर आधी रद्दीतल्या पानावर सराव करा.

मूळ बांधणी सैल झाली असेल तर आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी करा आणि पुस्तक तसंच ठेवा. पुन्हा बांधावंच लागलं तर बाइंडरला लेखी सांगा: कडा कापायच्या नाहीत, मूळ मुखपृष्ठ आणि पाठ आत बांधायची, पुठ्ठ्यावरचं काहीही टाकायचं नाही. गंजलेल्या पिना मात्र काढाव्यात, त्यांचा गंज कागद खातो. लॅमिनेशन केलेली प्रत संग्राहक घेत नाहीत.

२०. चित्राची फ्रेम कशी करावी?

काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये आम्लरहित माउंट हवा. चित्र डिंकाने पूर्ण चिकटवू नका, वरच्या कडेला टिश्यूचे दोन बिजागरीसारखे तुकडे पुरतात. मागे प्लायवूड किंवा हार्डबोर्ड थेट लावू नका. जलरंगांसाठी प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपास, पश्चिमेची भिंत नको. सहा महिने लावा, सहा महिने पेटीत ठेवा.

२१. किंमत कशी ठरवायची?

मराठी पुस्तकांच्या लिलावांच्या नोंदी फार थोड्या आहेत, त्यामुळे 'बाजारभाव' असा छापील आकडा नाही. ऑनलाइन मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे तीच आवृत्ती, त्याच स्थितीत कितीला गेली, हे विचारून वहीत लिहीत राहा. दोन वर्षांत ती वहीच तुमची किंमतसूची होते. किमतीत सर्वांत मोठा फरक जॅकेट आणि पूर्णता यांनी पडतो, मग सही, मग स्वच्छता. हे आमचं मत आहे. काही संग्राहक सहीला पहिलं स्थान देतात.

प्रत्येक खरेदीची पावती ठेवा. प्राप्तिकराच्या दृष्टीने चित्रं आणि रेखाटनं भांडवली मालमत्ता धरली जातात, विकताना मूळ किंमत दाखवावी लागते. घराच्या विम्यात अशा वस्तू आपोआप येत नाहीत. त्यांची किंमत आधी ठरवून, वेगळी नोंद करून घ्यावी लागते.

२२. परदेशातल्या मुलाला किंवा ग्राहकाला जुनी वस्तू पाठवता येते का?

१९७२ च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनं ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाचं हस्तलिखित, दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९४० साली लिहिलेलं लेखकाचं पत्रही यात येऊ शकतं. राजा रविवर्म्यासह नऊ कलावंतांची चित्रं वयाचा विचार न करता कलासंपदा ठरवली आहेत. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्या. कुरियरवाल्याने स्वीकारलं म्हणजे कायदेशीर झालं असं नाही.

२३. वाडा पाडताना पेटी निघाली. पोथ्या, पुस्तकं, पत्रं सगळं एकत्र आहे. आधी काय करायचं?

काहीही वेगळं करण्याआधी छायाचित्रं काढा: पेटी बंद, पेटी उघडी, प्रत्येक थर. कोणत्या पुस्तकात कोणतं पत्र होतं ही माहिती पहिल्या दहा मिनिटांत नष्ट होते, आणि पत्रावर नाव नसेल तर ते कोणाचं हे सांगणारा तोच एक धागा असतो. प्रत्येक सुट्या कागदाला पेन्सिलीने क्रमांक द्या, क्रमांक कागदावर नव्हे, त्याच्या पाकिटावर. पोथीला बांधलेला रुमाल आणि लाकडी फळ्या टाकू नका. कसर दिसली तर पेटी घरातल्या संग्रहाजवळ नेऊ नका (प्रश्न १७).

त्यात चित्रं असलेली जुनी हस्तलिखित पोथी असेल तर तिची पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते. ती विकायची घाई करू नका. वारस एकापेक्षा जास्त असतील तर वाटणीआधी सगळ्यांच्या सहीची यादी करा. भावांनी एक-एक खंड वाटून घेतलेला चार खंडांचा ग्रंथ नंतर कोणालाच पूर्ण विकता येत नाही, आणि वाचताही येत नाही.